चाळीतला कांदा आणि स्टोअरमधला बोल्ट

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, नसेल तर तोंडी हिशेबही पुरेल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना आहे असे समजा. तिथे एका जातीचे बोल्ट रोज ४० लागतात. पुरवठादाराला फोन केल्यापासून माल दारात यायला ५ दिवस लागतात. मग कपाटात किती बोल्ट उरले की फोन करायचा?

बहुतेकांचे उत्तर २०० असे येते. चाळीस पंचे दोनशे. उत्तर चूक म्हणता येणार नाही. शाळेच्या परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील, आणि कारखाना मात्र अधूनमधून बंद पडेल. कारण ५ दिवस ही सरासरी आहे. पावसाळ्यात कसारा घाटात वाहतूक अडली की मुंबईहून निघालेला टेम्पो दोन दिवस उशिरा येतो. रोजचे ४० हीही सरासरीच. एखाद्या दिवशी जादा काम निघते आणि ५० लागतात. जिथे दोन्ही गोष्टी सरासरीच्या आहेत, तिथे २०० वर फोन करणारा माणूस दर दोन वेळांपैकी साधारण एकदा अडचणीत येणारच.

यावर स्टोअरकीपर मंडळी एक ढोबळ हिशेब वापरतात. जास्तीत जास्त खप ५०, जास्तीत जास्त दिवस ७, म्हणजे ३५०. त्यातून सरासरीचे २०० वजा केले की १५० उरतात. या १५० ला कारखान्यात ‘सेफ्टी स्टॉक’ म्हणतात. आपल्याकडे त्याला फार जुना आणि जास्त चांगला शब्द आहे, बेगमी. खरे तर खप आणि उशीर या दोन्ही अडचणी एकाच वेळी, तेही पूर्ण ताकदीने येणे विरळाच. त्यामुळे १५० हा आकडा थोडा भित्र्या माणसाचा आहे. मागच्या वर्षभराच्या नोंदी असतील तर तो खाली आणता येतो. नोंदी नसतील तर भीतीचे पैसे मोजावे लागतात.

उत्पादन आणि साठा यांचे नियोजन हा आता रीतसर अभ्यासाचा विषय आहे. अमेरिकेत १९५७ साली स्थापन झालेली ‘एपिक्स’ ही संस्था या विषयाची परीक्षा घेत आली आहे आणि आपल्याकडचे अभियंतेही त्या परीक्षेला बसतात. पण आजची आपली परीक्षा त्यापेक्षा सोपी आहे. तिला पाठांतर लागत नाही. तिच्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची आहे : जो खर्च होतो, पण ज्याचे बिल कोणी पाठवत नाही, तो आपल्याला दिसतो का?

आता दुसरा प्रश्न. तोच कारखाना, तोच बोल्ट. कामाचे दिवस ३०० धरले तर वर्षाला १२,००० नग लागतात. नगाची किंमत १० रुपये. दर वेळी माल मागवायचा म्हणजे टेम्पोचे भाडे, माल उतरवणे, मोजणे, तपासणे, रजिस्टरला नोंद, असा मिळून ३०० रुपये खर्च येतो. पुरवठादार म्हणतो, “शेठ, वर्षाचा माल एकदम उचला, पाच टक्के सूट देतो.” घ्यावी का सूट?

हा प्रश्न मी सुपरवायझरांच्या वर्गात नेहमी विचारतो, आणि ‘घ्यावी’ म्हणणारे हात भराभर वर येतात. १,२०,००० च्या मालावर ५ टक्के म्हणजे ६,००० रुपये. ते बिलावर छापून येतात, त्यामुळे दिसतात. पण वर्षभराचे बोल्ट आणून ठेवले की त्यात पैसा अडकतो, त्या पैशाचे व्याज बँक कॅश क्रेडिटच्या खात्यातून गुपचूप कापून घेते. रॅकची जागा अडते, नाशिकच्या पावसात काही माल गंजतो, काही ‘हरवतो’. हे सगळे मिळून वर्षाला मालाच्या किमतीच्या २० टक्के धरू. प्रत्येकाचा आकडा वेगळा असेल, पण तो शून्य कधीच नसतो.

किती माल एका वेळी मागवावा याचे सूत्र फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसाने १९१३ साली ‘फॅक्टरी’ या मासिकात मांडले. फोर्ड हे त्यांचे नाव, मोटारवाल्या फोर्डशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांचा मूळ लेख पुढे इतका विस्मरणात गेला, की हे सूत्र विल्सन या दुसऱ्याच गृहस्थांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सूत्र असे : वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, त्याला एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागायचे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे. आपल्या उदाहरणात १२,००० गुणिले ३०० गुणिले २ म्हणजे ७२ लाख. दहा रुपयांच्या बोल्टवर २० टक्के म्हणजे २ रुपये, त्याने भागले की ३६ लाख. त्याचे वर्गमूळ १,८९७. आपण १,९०० धरू. म्हणजे साधारण दर आठ आठवड्यांनी एक ऑर्डर. वर्षाचा मागवण्याचा खर्च १,९०० रुपये आणि सांभाळण्याचा खर्चही तितकाच, एकूण ३,८००.

आता सूट घेतली तर काय होते पाहा. १२,००० बोल्ट आले आणि वर्षभरात संपले, म्हणजे सरासरी ६,००० पडून राहिले. साडेनऊ रुपयांचा एक नग, त्यावर २० टक्के, म्हणजे सांभाळण्याचा खर्च ११,४०० रुपये. एका ऑर्डरचे ३०० धरून ११,७००. आधी ३,८०० जात होते, आता ११,७०० जातात. ७,९०० रुपये जास्त गेले आणि सूट मिळाली ६,००० ची. म्हणजे सूट घेऊन १,९०० रुपये गमावले! सूट १० टक्के असती तर मात्र हाच हिशेब उलटला असता आणि ४,७०० रुपये हाती राहिले असते. म्हणून सूट वाईट असते असे माझे म्हणणे नाही. हिशेब करून घ्या, एवढेच.

या सूत्राची आणखी एक गंमत अभ्यासक्रमात शिकवली जाते, पण लक्षात फार कमी जणांच्या राहते. १,९०० ऐवजी तुम्ही २,३०० मागवले तरी खर्च जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतो. दुप्पट, म्हणजे ३,८०० मागवले तर २५ टक्क्यांनी. तेव्हा बोल्ट २,००० च्या पोत्यात येत असतील तर खुशाल २,००० मागवा. वर्गमूळाच्या दशांशापाठी लागू नका. वर्षाचा माल एकदम भरण्याचा मोह आवरला, की निम्मे काम झाले.

हा मोह आवरत नाही याचे एक कारण ताळेबंदात आहे. तिथे साठा मालमत्तेच्या बाजूला लिहितात. बँकही दरमहा स्टॉक स्टेटमेंट मागते आणि साठा पाहून कर्जाची मर्यादा ठरवते. त्यामुळे भरलेले गोडाऊन हे श्रीमंतीचे लक्षण वाटते. पण ७ तारखेला कामगारांचा पगार करायचा असतो, आणि पगाराच्या पाकिटात बोल्ट घालून देता येत नाहीत.

सगळ्याच वस्तूंचा इतका बारीक हिशेब करायचा का? मुळीच नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ‘ए-बी-सी’ वर्गवारी मांडली. कुठल्याही स्टोअरमध्ये थोड्याच वस्तूंत बहुतेक पैसा अडकलेला असतो, त्या ‘ए’. त्यांच्यावर रोज नजर ठेवायची. वॉशर, कॉटर पिन अशा स्वस्त ‘सी’ वस्तूंसाठी दोन डबे पुरतात. एक डबा संपला की दुसरा उघडायचा आणि त्याच दिवशी नवा माल मागवायचा. तूरडाळीचे दोन डबे ठेवणाऱ्या आणि पहिला रिकामा झाला की वाण्याच्या यादीत डाळ लिहिणाऱ्या गृहिणीला ही पद्धत कोणी शिकवावी लागत नाही. टोयोटाच्या कानबान पद्धतीचे जगभर कौतुक होते. तिचे जनक ताईची ओहनो यांनी कल्पना घेतली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून : गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढे उचलले तेवढेच मागून भरायचे. मुळाशी दोन डब्यांचीच गोष्ट आहे.

तिसरा प्रश्न थोडा फसवा आहे. एका कारखान्यात रोज ५० जॉब पुरे होऊन बाहेर पडतात. शॉपवर अर्धवट अवस्थेतले, म्हणजे कुठे लेथजवळ, कुठे ड्रिलिंगजवळ, कुठे तपासणीच्या टेबलावर, असे मिळून ६०० जॉब पडले आहेत. एका जॉबला मशीनवर प्रत्यक्ष लागणारा वेळ चार तास. आज आलेली ऑर्डर किती दिवसांत देता येईल?

मालक चार तासांचा विचार करून म्हणतो, “परवा घेऊन जा.” उत्तर आहे १२ दिवस. ६०० भागिले ५०. या साध्या भागाकाराला जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिती सिद्धता दिली, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. लासलगावला लिलावासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला हा नियम कोणी सांगायला नको. पुढे ४०० ट्रॅक्टर उभे आहेत आणि तासाला ८० ट्रॉल्यांचा लिलाव होतो, तर आपला नंबर पाच तासांनी लागणार. लिलाव एक मिनिटात उरकतो, पण दिवस रांगेत जातो. कारखान्यातल्या जॉबचेही तसेच आहे. चार तास काम आणि बाकीचे दिवस रांग. ज्याला १२ चे ६ दिवस करायचे असतील त्याने नवे मशीन घेण्याआधी, शॉपवर एका वेळी किती जॉब सोडायचे यावर बंधन घालून पाहावे. रोजचे ५० कायम ठेवून पडलेले जॉब ३०० वर आणता आले, तर मुदत आपोआप निम्मी होते.

आता बोल्टवाले म्हणतील, “आमचा माल काही सडत नाही. आज नाही तर उद्या लागेल.” त्यांना २०१७ सालची आठवण करून द्यायला हवी. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की १ एप्रिलपासून बीएस-३ मानकाच्या गाड्या विकता येणार नाहीत आणि त्यांची नोंदणीही होणार नाही. त्या वेळी देशभरात कंपन्या आणि विक्रेत्यांकडे मिळून अशा सुमारे ८ लाख गाड्या उभ्या होत्या, त्यांत बहुतांश दुचाकी. नव्या कोऱ्या, एक किलोमीटरही न चाललेल्या. पुढच्या दोन दिवसांत दुचाकींवर जी सूट दिली गेली आणि शोरूमसमोर जी गर्दी उसळली, ती पुष्कळांना आठवत असेल. त्या गाड्यांना गंज चढला नव्हता, पण त्यांची बाजारपेठ संपली होती. पुढचा टप्पा १ एप्रिल २०२० ला आला, बीएस-४ कडून बीएस-६ कडे. तो दिवस आधीपासून माहीत होता, पण नेमके त्याच्या आठवडाभर आधी लॉकडाउन लागले. नाशिकसारख्या गावात, जिथे असंख्य लहान कारखाने वाहनांचे सुटे भाग करून पोट भरतात, तिथे एखादे ड्रॉइंग बदलले की रॅकवरचा माल एका दिवसात भंगाराच्या भावाचा होतो. लोखंड सडते, फक्त त्याचा वास येत नाही.

वास येणाऱ्या मालाकडे आता वळू. साठ्याचे शास्त्र शिकायचे असेल तर आपल्या जिल्ह्यात कांद्याच्या चाळीइतकी चांगली शाळा दुसरी नाही. निफाड, चांदवड, येवला, कळवण, देवळा, सटाणा, कुठेही जा, शेताच्या कडेला जमिनीपासून दीड-दोन फूट उंच उचललेली, बाजूंनी फटी ठेवलेली, वर पत्रे घातलेली चाळ दिसतेच.

ती का लागते? खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या आसपास येऊ लागतो. त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही, काढला की विकावा लागतो. त्यामागून रांगडा येतो. मार्च-एप्रिलपासून उन्हाळ कांदा निघतो आणि तोच टिकाऊ. देशातल्या एकूण कांद्यापैकी साधारण ७० टक्के या रब्बी हंगामाचा असतो. मे महिना संपला की शेतातून मोठ्या प्रमाणावर कांदा निघणे थांबते ते थेट ऑक्टोबरपर्यंत. पण मुंबई, दिल्ली, कोलकाता इथल्या कढया पाच महिने थांबत नाहीत. तेव्हा हा साठा कोणी तरी सांभाळलाच पाहिजे, आणि तो मुख्यतः शेतकरी आपल्या चाळीत सांभाळतो. मोठ्या उद्योगात हे काम गोडाऊन, विमा आणि बँक यांच्या आधाराने होते. इथे ते घरचे लोक, चार मजूर आणि ताडपत्री यांच्या भरवशावर चालते.

कांदा जिवंत असतो. चाळीतही त्याचा श्वास चालूच राहतो. त्यामुळे तीन प्रकारे तूट येते. वजन घटते, कोंब फुटतो आणि सड लागते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात वजन उडते, पावसाळ्यातल्या दमट हवेत सड आणि काजळी वाढते, आणि पावसाळा सरता सरता कोंब डोके काढतात. पाच-सहा महिन्यांत सगळी मिळून ३० ते ४० टक्के तूट सर्रास धरली जाते. आता परीक्षेचा चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा.

एका शेतकऱ्याने एप्रिलअखेर १०० क्विंटल कांदा चाळीत भरला. त्या दिवशी बाजारात भाव क्विंटलला १,२०० रुपये होता. सप्टेंबरअखेर किती भाव मिळाला तर तो निदान बरोबरीत सुटेल?

एप्रिलला विकला असता तर १,२०,००० रुपये हातात आले असते. त्यांवर महिन्याला एक टक्का धरला तर पाच महिन्यांचे व्याज ६,०००. सावकाराचे असेल तर कितीतरी जास्त. दोन-तीन वेळा निवड करून खराब माल बाहेर काढायची मजुरी ४,००० धरू. म्हणजे १,३०,००० रुपये वसूल व्हायला हवेत. पण चाळीतून बाहेर निघाला तो ७० क्विंटल. भागाकार करा : १,८५७ रुपये. म्हणजे भाव दीडपटीहून थोडा जास्त वाढला, तेव्हा कुठे हा माणूस एप्रिलला जिथे होता तिथे पोहोचला. चाळीचा खर्च, चाळ पडण्याची धास्ती, पाच महिन्यांची जागरणे यांचे मी काहीच धरलेले नाही. शहरातल्या बातमीत मात्र मथळा येतो, ‘कांदा दीडपट महागला’, आणि वाचणाऱ्याला वाटते की शेतकऱ्याची चांदी झाली.

या हिशेबाची दुसरी बाजू शेतकरी बांधवांसाठी आहे. ऑगस्टमध्ये चाळीसमोर उभे राहून ‘एप्रिलला काय भाव होता’ हा प्रश्न मनात येतोच, पण तो आता उपयोगाचा नाही. एप्रिल गेला. विचारायचे ते एवढेच, की पुढचा एक महिना थांबण्याची किंमत किती. समजा १ ऑगस्टला चाळीत ८५ क्विंटल आहे आणि भाव १,५०० आहे. आज विकला तर १,२७,५०० रुपये. महिनाभर थांबलो तर ६ क्विंटल जाणार, व्याजाचे १,२७५ आणि निवडीचे १,००० लागणार. म्हणजे ७९ क्विंटलमधून १,२९,७७५ रुपये निघायला हवेत, भाव १,६४३. एका महिन्यात भाव निदान १४३ रुपयांनी चढेल असे वाटते का? वाटत असेल तर थांबा. नसेल तर निम्मा तरी विकून मोकळे व्हा. आणि पावसाळ्यात तूट दर महिन्याला सारखी नसते, ती वाढत जाते. त्यामुळे हाच हिशेब सप्टेंबरमध्ये पुन्हा करायला हवा, जुने उत्तर चालत नाही.

कारखान्यातला एक नियम मात्र इथे जसाच्या तसा लागू होत नाही. स्टोअरमध्ये आधी आलेला माल आधी वापरतात. चाळीत जो आधी बिघडणार तो आधी विकायचा. जाड मानेचा, जोड, डेंगळा, मार लागलेला कांदा चाळीत जाताच कामा नये, तो काढणीच्या वेळीच बाजारात न्यावा. पातीसकट शेतात वाळवून, मान तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापलेला, नंतर सावलीत सुकवलेला मध्यम आकाराचा कांदाच चाळीत भरावा, आणि ढीग पाच फुटांपेक्षा उंच करू नये. यात नवे काही नाही. पण भाव पडलेला असतो त्या वर्षी ‘आता विकून काय मिळणार’ म्हणून सरसकट सगळाच माल चाळीत लोटला जातो, आणि मग एक सडका कांदा शेजारच्या दहांना घेऊन जातो.

यंत्राने हे सुटेल का? लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवरही २००७ साली तिथे प्रक्रिया झाली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. कांद्याला अगदी सौम्य मात्रेचे विकिरण दिले की कोंब फुटायचे थांबतात. पण तीन तुटींपैकी ही एक झाली. सड आणि वजनातली घट विकिरणाने थांबत नाही, त्यासाठी थंड आणि कोरडी साठवण लागते, तिचा वीजखर्च येतो आणि तो खर्च कांद्याच्या भावाने सोसायला हवा. एका उपायाने एकच तूट कमी होते, हे ध्यानात ठेवले तर निराशा होत नाही.

आता सरकारच्या कोठाराकडे पाहू. भाव स्थिरीकरण निधी २०१४-१५ पासून आहे आणि त्यातून नाफेडसारख्या संस्था कांदा खरेदी करून राखीव साठा ठेवतात. २०२३-२४ मध्ये या साठ्याचे उद्दिष्ट आधी ३ लाख टन होते, ते वाढवून ५ लाख टन केले गेले. आकडा मोठा वाटतो. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला. त्याला ३६५ ने भागा, दिवसाला सुमारे ८३ हजार टन. म्हणजे ५ लाख टन हा सहा दिवसांचा माल झाला. एवढ्या साठ्याने देशाला कांदा पुरवता येत नाही, योग्य शहरात योग्य आठवड्यात सोडला तर भाव जरा थोपवता येतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीला रेल्वेने १,६०० टन कांदा गेला तो याच हेतूने.

खरा बेगमीचा साठा सरकारी कोठारात नाही, तो हजारो चाळींमध्ये विखुरलेला आहे. म्हणूनच धोरण एकाएकी बदलले की त्याचा मार तिथे बसतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव काही दिवस बंद राहिले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उठली तेव्हाही ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्य राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते काढले गेले. शहरातल्या गिऱ्हाइकाला परवडेल असा कांदा मिळावा हा सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. पण आपण मघाशी १ ऑगस्टचा जो हिशेब केला, त्यात पुढच्या महिन्याचा भाव हा अंदाज होता. शुल्क लागते तेव्हा चाळीतला कांदा तोच असतो, तूट तीच असते, फक्त गिऱ्हाइकांपैकी एक मोठा भाग एका रात्रीत निघून जातो. बीएस-३ गाड्यांचे जे झाले तेच. फरक इतकाच, की गाडीच्या विक्रेत्याला निदान दोन दिवस मिळाले आणि त्याची गाडी त्या दोन दिवसांत सुकत नव्हती. माझे मत विचाराल तर, साठा सांभाळणाऱ्याला भाव किती मिळावा यापेक्षाही नियम किती काळ टिकणार हे आधी कळणे जास्त मोलाचे आहे. हंगामाच्या सुरुवातीला, चाळी भरण्याआधी ते कळले, तर माणूस त्याप्रमाणे चाळ भरेल.

सरकारचा निर्णय आपल्या हातात नाही. आपल्या चाळीची तूट मात्र मोजता येते, आणि ती मोजणारे फार थोडे आहेत. वर मी ७० क्विंटल, ६ क्विंटल असे आकडे घेतले ते उदाहरणापुरते. तुमच्या चाळीचा आकडा त्याहून बराही असेल किंवा वाईटही. तो काढायला खर्च येत नाही. चाळ भरताना जाळीच्या पाच पिशव्या घ्या आणि प्रत्येकीत बरोबर दहा किलो, सरसकट चाळीत जातो तसलाच, कांदा भरा. निवडून चांगला भरू नका, नाहीतर मोजणीच फसवी होईल. एक पिशवी ढिगाच्या वरच्या थरात, एक वाऱ्याच्या बाजूला, एक पावसाचे सपकारे येतात त्या बाजूला, एक दाराशी आणि एक मधोमध खालच्या थराच्या जवळ, जिथे वारा सर्वात कमी पोहोचतो, तिथे ठेवा. प्रत्येकीला लांब सुतळी बांधून टोक बाहेर काढा, म्हणजे ढीग न उपसता जागा सापडेल. दर पंधरा दिवसांनी निवड कराल त्या वेळी त्या काढून काट्यावर ठेवा. आधी पूर्ण पिशवीचे वजन लिहा, मग कोंबाचे आणि सडके कांदे वेगळे करून त्यांचे वजन लिहा. दुसरा आकडा पहिल्यातून वजा केला की विकण्याजोगा माल किती उरला ते कळेल. खराब कांदे पिशवीत परत घालू नका, पण वहीत त्यांची नोंद राहू द्या. पाच पिशव्यांची बेरीज ५० किलोवरून किती खाली आली त्याची दुप्पट केली, की तुमच्या चाळीची तूट शेकड्यात मिळते.